व्हिपल ऑपरेशननंतर लीक होणार का, हे आधी सांगता येतं का?

तुमच्या बाबांचं पुढच्या आठवड्यात व्हिपल (स्वादुपिंडाचं डोकं काढायचं ऑपरेशन) आहे, सर्जन म्हणाले लीकचा धोका आहे, आणि तुम्हाला हवंय की तो नक्की किती हे कुणीतरी आधी सांगावं. मी पोटाच्या सर्जरीच्या वॉर्डातच काम करतो, म्हणून रोज जे बघतो ते लिहितो. बाबांचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

थोडा अंदाज आधी येतो, पण खरं चित्र ऑपरेशननंतरच कळतं. स्वादुपिंडाचं डोकं काढलं की उरलेला भाग आतड्याला जोडतात, आणि तोच सांधा सगळ्यात नाजूक, तिथून पाचक रस गळला की तो लीक. स्वादुपिंड मऊ असेल तर लोण्यात टाका घातल्यासारखं होतं, दोरा आवळला की आत कापत जातो. आतली नळी ३ मिमीच्या खाली असेल तर अजून अवघड. २०१३ साली यावरून १० गुणांचा फिस्टुला (म्हणजे पेशंटला त्रास देणारा लीक) रिस्क स्कोअर आला, त्यात ग्रंथी मऊ की कडक, नळी किती रुंद, गाठ कशाची आणि ऑपरेशनमध्ये रक्त किती गेलं हे बघतात, ७ ते १० म्हणजे धोका जास्त. आता यातली नळी सीटीवर दिसते, पण मऊ की कडक हे सर्जनच्या बोटांनाच कळतं आणि रक्ताचा हिशोब तर शेवटी, त्यामुळे आज कुणी तुम्हाला पक्का टक्का सांगत असेल तर त्यावर फार विसंबू नका.

एक गोष्ट घरच्यांना फार उलटी वाटते. कॅन्सर स्वादुपिंडाचाच असेल तर मागची नळी तुंबून फुगलेली असते, ग्रंथी कडक झालेली असते आणि टाके छान धरतात. पण गाठ अँप्युलाची (पित्तनळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथे आतड्यात उघडतात ती जागा) किंवा पित्तनळीच्या खालच्या टोकाची असेल, लवकर सापडली असेल, तर आजाराच्या हिशोबाने केस चांगली आणि लीकच्या हिशोबाने जोखमीची. म्हणून लीक झाला म्हणजे सर्जनचं काहीतरी चुकलं, असं लगेच धरू नका, चांगल्यात चांगल्या हातांतही होतो.

आता ड्रेन. पोटातून जी नळी बाहेर काढतात तिच्या पाण्यातलं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं पाचक द्रव्य) तपासतात, बऱ्याच ठिकाणी पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी आकडा हजारांत असेल तर आम्ही सावध होतो, अगदी कमी असेल तर ड्रेन लवकर काढता येतो. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर रक्तातल्या नॉर्मल मर्यादेच्या तिपटीपेक्षा जास्त आलं तरी पेशंट ठणठणीत असेल तर त्याला २०१६ पासून नुसता बायोकेमिकल लीक म्हणतात, खरा फिस्टुला नाही. त्यामुळे एकटा आकडा बघून रडू नका. बॅगेतलं पाणी गढूळ, राखाडी व्हायला लागलं, सोबत ताप, वाढलेली नाडी, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारा रक्तातला आकडा) उतरायच्या ऐवजी चढतोय, पेशंट उगाच बेचैन आहे, हे सगळं एकत्र आलं की मात्र सीटी लांबवायचा नाही.

मला मनापासून वाटतं की स्कोअरपेक्षा हे रोजचं बघणंच जास्त जीव वाचवतं. नेदरलँडमध्ये १७ हॉस्पिटलांत ठरलेल्या नियमाने रोज तपासायचं, शंका आली की लगेच सीटी आणि गरज पडली तर सुईने नळी टाकून साठलेलं पाणी काढायचं असं केलं, आणि ९० दिवसांतले मृत्यू ५ टक्क्यांवरून ३ वर आले. २०२२ मध्ये ते छापून आलं. ऑपरेशन तेच, फक्त लक्ष लवकर गेलं.

म्हणून सर्जनना सरळ विचारा की इथे वर्षाला किती व्हिपल होतात, रात्री किंवा रविवारी सीटी आणि रेडिओलॉजीवाले मिळतात का, रक्तस्राव झाला तर अँजिओ करून रक्तवाहिनी बंद करायची सोय आहे का. विचारायला लाजू नका, चांगल्या सर्जनला याचा राग येत नाही.

पोट उशिरा सुरू होणं, उलट्या, नाकातली नळी परत घालावी लागणं हे बरंच कॉमन आहे, त्रास होतो पण बहुतेक वेळा आपोआप सुटतं. ड्रेनसकट घरी पाठवलं तरी घाबरू नका, रोज किती आलं आणि रंग काय ते वहीत लिहा. फक्त ड्रेनमध्ये लाल रक्त दिसलं, चमचाभर का असेना आणि मग थांबलं का असेना, किंवा रक्ताची उलटी झाली, काळी शी झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी जिथे ऑपरेशन झालं तिथे न्या, कारण मोठ्या रक्तस्रावाच्या आधी असा छोटा होऊन थांबतो आणि हातात मिळणारा वेळ तेवढाच असतो.