हुकूम कोणाचा, दोष कोणाचा?

प्रश्न : ‘फुलमेटल अल्केमिस्ट’ ही मांगा (जपानी चित्रकथा) मी मोबाइलवर वाचून संपवली. त्यातल्या इश्वाल प्रांतात निरपराध माणसे जाळणारा सैन्याधिकारी रॉय मस्टँग पुढे नायकासारखा वावरतो, हे मला पटले नाही. सैन्यातून निवृत्त झालेले माझे मोठे बाबा म्हणतात, “शिपायाला हुकूम पाळावाच लागतो, दोष हुकूम देणाऱ्याचा.” आपले मत काय?
— एक वाचक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : मोठ्या बाबांचे अर्धे म्हणणे ही कथाही मान्य करते. संहाराचा आदेश राष्ट्रप्रमुख ब्रॅडलीचा आहे, आणि इश्वालींचा धर्मगुरू स्वतःच्या प्राणांच्या बदल्यात आपल्या लोकांचे प्राण मागतो, तेव्हा एका जिवाचे मोल एकाच जिवाएवढे असे सांगून ती विनंती झिडकारणाराही तोच. परंतु जबाबदारी ही शेताची हिस्सेवाटणी नव्हे, की वरच्याच्या नावे जास्त चढली म्हणून खालच्याच्या सातबाऱ्यावरून तेवढी कमी झाली. लेखिका हिरोमु अराकावा यांना हे नेमके कळले आहे. देशात लोकशाही आली, तर इश्वालचे ‘वीर’ म्हणून आपल्यावरच खटला चालेल, हे मस्टँग आणि त्याची सहकारी अधिकारी हॉकआय दोघेही जाणतात आणि तरीही त्याच दिशेने काम करतात. तो खटला मात्र कथेत प्रत्यक्ष उभा राहत नाही. आपली नाराजी मला तेथे रास्त वाटते.

मला स्वतःला त्याच सैन्यातला अधिकारी आर्मस्ट्राँग अधिक अस्वस्थ करतो. त्याच्याने मारणे होईना, म्हणून त्याला आघाडीवरून परत पाठवले गेले. पण संहार चालूच राहिला आणि विरोध करण्याऐवजी आपण निघून आलो, याची टोचणी त्याला पुढे कायम राहिली.

जपानी चित्रकथाकार शिगेरू मिझुकी यांची १९७३ सालची युद्धकथा मात्र मोठ्या बाबांना जवळची वाटेल. न्यू ब्रिटन बेटावरील युद्धात डावा हात गमावलेल्या या चित्रकाराने असे शिपाई रंगवले आहेत, ज्यांच्या वीरमरणाची वार्ता वर आधीच कळवली गेली असल्यामुळे जिवंत परतल्यावर त्यांना पुन्हा मरायला धाडले जाते. तेथे दोषाचे बोट वरिष्ठांकडेच जाते, कारण शिपायाच्या हाती निवड जवळजवळ उरलेलीच नाही. इश्वालमध्ये ती थोडी तरी उरली होती.

मोठ्या बाबांना एक विचारून पाहा. आपल्या १९५० च्या सेना अधिनियमाचे ४१ वे कलम अवज्ञेला शिक्षा सांगते, पण ती ‘कायदेशीर’ आदेशाच्या अवज्ञेला. प्रशिक्षणात हा शब्द त्यांना कसा समजावून दिला होता, ते आम्हालाही अवश्य कळवा.