रॉकेट वर गेलं की नजर आभाळात हवी, म्हणून ट्रॅकर बोलणारा घ्या

लेव्हल १, म्हणजे मोठी रॉकेटं उडवण्याचं पहिलं प्रमाणपत्र, मिळाल्यावर दुसऱ्याच उड्डाणात तुमचं रॉकेट मक्याच्या शेतात हरवलं. पॅराशूट उघडलेलं डोळ्यांनी पाहिलंत आणि तरी दोन तास फिरून ते सापडलं नाही, हे वाचून खरंच वाईट वाटलं. आता त्याच्या वरच्या लेव्हल २ साठी 'जे' वर्गाची, जास्त ताकदीची मोटर लावणार आहात आणि तीन गोष्टी विचारल्या आहेत: बोलणाऱ्या ट्रॅकरवर (रॉकेटमधून जागा कळवणारं यंत्र, जे जमिनीवर मोठ्याने ऐकू येतं) पैसे घालावेत का, घ्यायचा तर कुठला, आणि एअरटॅग किंवा जुना मोबाइल आत टाकून भागेल का.

शेवटचं आधी सांगतो, कारण त्याचं उत्तर छोटं आहे. भागणार नाही. एअरटॅगमध्ये जीपीएस नसतो. तो ब्लूटूथवरून जवळपासच्या कुणाच्या तरी आयफोनला दिसतो आणि त्या फोनची जागा तुम्हाला कळते. मक्याच्या शेतात मधोमध कोण फोन घेऊन उभं असणार? मोबाइलचं म्हणाल तर हवेत उडणाऱ्या वस्तूतून सेल्युलर फोन चालवायला अमेरिकेत एफसीसीची, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकाची, मनाई आहे, आणि आपण जिथे रॉकेटं उडवतो तिथे नेटवर्क बहुतेक वेळा नसतंच.

आता मुख्य मुद्दा. रॉकेट हरवतं कसं, ते आधी आकड्यांत बघा. समजा तुमचं रॉकेट १,५०० मीटरवर गेलं आणि मोठं पॅराशूट माथ्यावरच उघडलं. सेकंदाला ५ मीटरने उतरायला त्याला ३०० सेकंद लागतील. वारा सेकंदाला ६ मीटर असेल, म्हणजे अगदी नेहमीचा, तर ते १,८०० मीटर वाहत जाणार. हेच दोन टप्प्यांत केलं, म्हणजे माथ्यावर ड्रोग हे छोटं पॅराशूट आणि २०० मीटरवर मेन हे मोठं, तर सेकंदाला २५ मीटरने ५२ सेकंद ड्रोगवर आणि ४० सेकंद मेनवर, मिळून दीड मिनिट. वाहत जाण्याचं अंतर साधारण ५५० मीटर. म्हणून लेव्हल २ ला ड्युअल डिप्लॉय, म्हणजे हे दोन टप्प्यांचं उतरणं, कराच. ट्रॅकर कितीही चांगला असला तरी जवळ पडलेलं रॉकेट शोधणं कधीही सोपं.

पण ५५० मीटरवरचं रॉकेटही हरवतं, आणि याचं कारण रेडिओत आहे. रॉकेट हवेत असताना त्याच्या आणि तुमच्यामध्ये काहीच आडवं येत नाही, त्यामुळे १० किलोमीटरवरूनही सिग्नल खणखणीत येतो. ते जमिनीला टेकलं की अँटेना मातीपासून वीतभर उंचीवर, बहुधा आडवी, मक्याच्या ओल्या पानांत गुरफटलेली. तोच सिग्नल आता काहीशे मीटरवर मरतो. म्हणजे रॉकेट जमिनीवर आल्यावर ट्रॅकर तुम्हाला जागा सांगेल, या भरवशावर राहू नका. खरी जागा सांगतो तो टेकण्याआधीचा शेवटचा संदेश. तो ४० मीटर उंचीवरचा असेल, तर पुढच्या ८ सेकंदांत वारा रॉकेटला आणखी ५० मीटर नेणार, एवढाच फरक. ५० मीटरच्या वर्तुळात शोधणं आणि अख्खं शेत पालथं घालणं यात केवढं अंतर आहे, ते तुम्ही नुकतंच अनुभवलंय.

तर तो शेवटचा संदेश पकडायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच आपण सगळे दुसरीकडे बघत असतो. आवाजाची गरज इथे लागते.

मी बरीच वर्षं नेवाडातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात उडवतोय. एका आटलेल्या प्राचीन सरोवराचा तो तळ, समुद्रसपाटीपासून साधारण १,२०० मीटर उंच, चहूकडे भेगाळलेली पांढुरकी माती. लोकांना वाटतं, एवढ्या सपाटीवर रॉकेट लपणार कुठे. पण दुपारी मृगजळ उठलं की दोन किलोमीटरवरची गाडीसुद्धा हवेत तरंगताना दिसते, आणि दहा सेंटिमीटर जाडीची नळी तर दिसतच नाही. तिथल्या एका उड्डाणात माझ्या हातात फोन होता, पडद्यावर सगळे आकडे व्यवस्थित चालू होते. मी एकदा वर बघायचो, एकदा खाली. उन्हात पडदा धड दिसत नव्हता म्हणून उजेड पूर्ण वाढवला. ड्रोग उघडलं, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि मी खाली बघितलं तर फोन तापून बंद पडलेला. शेवटचा आकडा कुणीच पाहिला नव्हता. त्या रॉकेटसाठी तीन महिने माझ्या संध्याकाळी गेल्या होत्या, फायबरग्लासच्या प्रत्येक फिनची कड मी हाताने घासली होती. ते दुसऱ्या दिवशी सकाळी एका अनोळखी माणसाला मिळालं आणि त्याने आणून दिलं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यानंतर मी आवाजाशिवाय उडवलेलं नाही. फोन सावलीत, पडदा बंद, ब्लूटूथचा छोटा स्पीकर खुर्चीला अडकवलेला. माझी नजर पूर्ण वेळ वर. शेजारी बायको वही घेऊन बसते आणि ऐकलेलं लिहीत जाते. ओळी अशा असतात: "३१०, ईशान्य, १४००. २४०, ईशान्य, १४३०." उंची, दिशा, अंतर. आवाज थांबला की वहीतली शेवटची ओळ ही आमची जागा. फोन मेला, ॲप बंद पडलं, काहीही झालं तरी ती ओळ कागदावर असते.

आवाजाचा दुसरा फायदा सुरक्षेचा आहे आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. माथ्यावरून खाली येताना वेग सेकंदाला २५ मीटर ऐकू आला तर ड्रोग नीट आहे. ६०, ८०, ११० असा वाढत गेला तर काहीच उघडलेलं नाही आणि चार-पाच किलोंचं रॉकेट नाकावर खाली येतंय. हे पडद्यावर वाचून समजेपर्यंत मोलाचे सेकंद जातात. कानाने ते आजूबाजूच्या दहा जणांना एकदम कळतं आणि "हेड्स अप" ची आरोळी लगेच उठते.

आता कुठला घ्यायचा.

अमेरिकेत दोन वाटा आहेत. एक ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झची, जिथे वैयक्तिक परवाना लागत नाही. फेदरवेट कंपनीचा जीपीएस ट्रॅकर या वाटेवरचा. लोरा या कमी शक्तीत लांब पोचणाऱ्या रेडिओ पद्धतीने बोलतो, जमिनीवरचं त्याचं छोटं यंत्र ब्लूटूथने फोनला जोडतं आणि फोन उंची-अंतर मोठ्याने सांगतो. पहिल्यांदा ट्रॅकर घेणाऱ्याला मी हाच सुचवतो, कारण डबा उघडल्यापासून तासाभरात तो चालू होतो. एगटायमर कंपनीचा एगफाइंडरही याच पट्ट्यात मिळतो, पण तो किटच्या रूपात येतो. सोल्डरिंग स्वतः करायचं. हात बसलेला असेल तर स्वस्तात उत्तम काम होतं, आणि त्याच्या एलसीडी रिसीव्हरला बोलणारं मॉड्यूल वेगळं जोडता येतं. हात बसलेला नसेल तर लेव्हल २ च्या तोंडावर ते शिकू नका.

दुसरी वाट ७० सेंटिमीटरच्या, म्हणजे ४३४ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या, हौशी रेडिओ पट्ट्याची. आल्टस मेट्रमची यंत्रं इथली. कीथ पॅकार्ड आणि बीडेल गार्बी या दोघांनी उभा केलेला हा उद्योग, हार्डवेअर आणि सॉफ्टवेअर दोन्ही खुलं. टेलिजीपीएस हा नुसता ट्रॅकर. टेलिमेट्रम मात्र ट्रॅकर आणि अल्टिमीटर (उंची मोजणारं यंत्र) एकत्र, त्यामुळे रॉकेट कुठल्या अवस्थेत आहे ते त्याला कळतं. त्याचं सॉफ्टवेअर "बूस्ट", "कोस्ट", "ड्रोग", "मेन" असं पुकारत जातं, मोटर विझल्यावर कमाल वेग आणि माथ्यानंतर कमाल उंचीही सांगतं. पहिल्यांदा स्वतःच्या रॉकेटबद्दल "ड्रोग" हा शब्द स्पीकरमधून ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. भौतिकशास्त्राचंही या पट्ट्याला थोडं झुकतं माप आहे: सारख्याच शक्तीवर आणि सारख्याच अँटेनांवर ४३४ मेगाहर्ट्झला ९१५ च्या तुलनेत साधारण साडेसहा डेसिबल कमी तोटा होतो. लोरा आपल्या संवेदनशीलतेने तो फरक भरून काढतं, म्हणून एवढ्यावरून निवड करू नका.

या वाटेला हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना लागतो, आणि तुम्ही विद्यार्थी व्हिसावर आहात म्हणून तो मिळणार नाही असं तुम्ही धरून चाललात. तसं नाही. परदेशी सरकारचा प्रतिनिधी नसलेल्या कुणालाही एफसीसी परवाना देते. टपालाचा अमेरिकेतला पत्ता लागतो. टेक्निशियन या पहिल्या पायरीच्या परीक्षेत ३५ प्रश्न, त्यातले २६ बरोबर आले की पास. प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. दोन आठवडे रात्री तासभर बसलात तर सहज होईल. माझा आग्रह आहे की ट्रॅकर कुठलाही घ्या, ही परीक्षा द्याच. अँटेनाचं ध्रुवीकरण म्हणजे काय, यागी ही एका दिशेला रोखायची अँटेना कुठे धरायची, सिग्नल कशाने अडतो हे समजलं की रॉकेट शोधताना अंदाज बांधता येतो.

आवाजाची मांडणी कशी करायची, त्याकडे फार कमी लोक लक्ष देतात. सगळं बोलायला लावलं की एक वाक्य संपेपर्यंत पाच सेकंद जातात आणि तोवर ते शिळं होतं. चढताना फक्त उंची. माथ्यानंतर उंची, उतरण्याचा वेग, दिशा, अंतर. बॅटरी, उपग्रहांची संख्या हे रॉकेट लाँच पॅडवर असताना एकदा ऐकायचं आणि बंद करायचं. ॲपमध्ये जेवढं कमी करता येईल तेवढं करा.

चढतानाच्या जीपीएस आकड्यांवर मात्र विश्वास ठेवू नका. मोटर पेटली की प्रवेगामुळे बरेच रिसीव्हर उपग्रह सोडतात आणि वेग मंदावल्यावर, माथ्याच्या आसपास, पुन्हा धरतात. तेव्हा आवाज थोडा वेळ गप्प झाला किंवा उंची काही सेकंद तीच राहिली तर घाबरू नका. शिवाय नागरी रिसीव्हरांवर १८,००० मीटर आणि सेकंदाला साधारण ५१५ मीटर अशी जुनी निर्यात-मर्यादा असते. तुमच्या 'जे' मोटरला तिचा अडथळा नाही, पण उद्या मॅक दीडच्या, म्हणजे ध्वनीच्या दीडपट वेगाच्या, पुढे जाल तेव्हा लक्षात ठेवा. पॅराशूट उडवण्याचा निर्णय नेहमी हवेच्या दाबावर चालणाऱ्या अल्टिमीटरनेच घ्यायचा. जीपीएसची उंची त्या कामाची नाही.

बसवताना तीन चुका मी पुन्हा पुन्हा बघतो. पहिली, कार्बन फायबरच्या नळीत ट्रॅकर. कार्बन फायबर रेडिओ अडवतं, फायबरग्लास अडवत नाही. दुसरी, फायबरग्लासच्या नोज कोनमध्येच (टोकाच्या शंकूत) ट्रॅकर, पण अँटेनाला खेटून टोकापर्यंत गेलेला लोखंडी रॉड. त्याने अँटेनाचा सूर बिघडतो आणि पल्ला कमी होतो. तिसरी, ट्रान्समीटर आणि अल्टिमीटर एकाच कप्प्यात अगदी चिकटून. पॅराशूट बाहेर ढकलणाऱ्या चार्जच्या (छोट्या स्फोटकाच्या) तारा ट्रान्समीटरच्या लहरी पकडू शकतात. तारा पीळ देऊन घ्या, अंतर ठेवा, आणि जमिनीवर सगळं एकत्र चालू करून चार्जशिवाय तासभर तपासा.

पॅडवर नेण्याआधी ट्रॅकर उघड्यावर दहा मिनिटं चालू ठेवा. उपग्रहाकडून कक्षेची माहिती यायला किमान अर्धा मिनिट निर्वेध आभाळ लागतं, आणि घाईत बंद गाडीतून थेट पॅडवर नेलेला ट्रॅकर चुकीच्या जागेवर अडकलेला मी पाहिलाय. लाँचच्या टेबलावर आपली फ्रीक्वेन्सी लिहायला विसरू नका. शेजारच्या पॅडवर तोच चॅनल असेल तर तुम्ही दुसऱ्याच्याच रॉकेटचा आवाज ऐकत बसाल.

वहीच्या पहिल्या पानावर एक हिशेब लिहून ठेवा: अक्षांशाचा एक हजारांश अंश म्हणजे १११ मीटर, आणि ४१ अंश उत्तरेला रेखांशाचा एक हजारांश म्हणजे ८४ मीटर. फोन बंद पडला तर साध्या हातातल्या जीपीएसवर आणि या दोन आकड्यांवर रॉकेट सापडतं. मक्यात शिरताना सरळ रेषेत चाला आणि काठावर एक माणूस उभा ठेवा. आत गेल्यावर डोक्यावर तीन हात पीक असतं आणि दिशेचं भान राहत नाही. रॉकेटमध्ये मोठ्याने वाजणारा बझर असू द्या. शेवटचे वीस मीटर त्याच्याच आवाजावर काढायचे असतात.

आणि उड्डाणाच्या आधीच्या शनिवारी हे करा. ट्रॅकर चालू करून मित्राला द्या आणि त्याला एखाद्या मोठ्या उद्यानात गवतात कुठेही तो आडवा टाकून यायला सांगा. फोन खिशात ठेवा, पडदा बघायचा नाही, फक्त ऐकत जा. किती मीटरवर आवाज पहिल्यांदा येतो ते लिहून ठेवा. तो आकडा आला की इथे कळवा, मग यागी घ्यायची की साधी अँटेना पुरेल ते मी सांगेन.