युरोस्टोमीची बॅग गळते म्हणून वडिलांचं पाणी कमी करावं का? आठ तासांचा प्रवास झेपेल का?

आधी बाबांचं पाणी पूर्ववत करा, लग्नाचं नंतर बघू. मूत्राशय काढून दोन महिने झालेत, युरोस्टोमीची, म्हणजे पोटावर लघवी गोळा करणारी बॅग दर दुसऱ्या दिवशी गळते, म्हणून घरच्यांनी त्यांचं पाणी निम्म्यावर आणलं, आणि आता लग्नासाठी आठ तास एसटीने गावी न्यावं का, असं तुम्ही विचारताय. मी स्टोमाच्या (पोटावर केलेलं नवं तोंड, इथे लघवीचं) पेशंटांसोबतच काम करते. ‘बॅग भरते, पाणी तोडा’ हे वाक्य नातेवाइकांकडून ऐकलं की मला राहवत नाही.

लघवी जास्त होते म्हणून बॅग गळत नाही, बेसप्लेट (कातडीला चिकटणारी चकती) कातडीला नीट धरत नाही म्हणून गळते. ऑपरेशननंतर सुजलेला स्टोमा सहा ते आठ आठवड्यांत बराच आक्रसतो. तुम्ही बहुतेक अजून हॉस्पिटलात दिलेल्या मापानेच बेसप्लेटचं भोक कापताय. मग स्टोमाभोवती कातडीची कड उघडी राहते, तिच्यावर लघवी साचते, कातडी लाल होऊन ओलावते आणि ओल्या कातडीवर काहीच टिकत नाही. आजच नवं माप घ्या. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं हवं.

बॅग सकाळी चहापाण्याआधी बदला, तेव्हा लघवी कमी ठिबकते. पूर्ण थांबत ती कधीच नाही, म्हणून गॉजची गुंडाळी स्टोमाच्या तोंडावर धरून ठेवा, आत खुपसू नका. भिजली की दुसरी घ्या. तेवढ्यात भोवतालची कातडी साध्या पाण्याने पुसून, टिपून अगदी कोरडी करा. डेटॉल, खोबरेल, पावडर, क्रीमवाला साबण, काहीही नको. पुसताना स्टोमातून थोडंसं रक्त आलं तर घाबरू नका. बेसप्लेट तळहातांत कोमट करून लावा आणि मिनिटभर हाताने दाबून धरा. बसल्यावर तिथे वळी पडत असेल तर सील रिंग (फट भरणारी मऊ कडी) वापरा; पेस्ट लघवीने लवकर विरघळते. आणि केमिस्टने खाली क्लिप असलेली कोलोस्टोमीची (शौचाची) बॅग तर दिली नाही ना, हेही तपासा. आपल्या बॅगेला खाली तोटी असते आणि आत लघवी उलटी जाऊ न देणारी झडप. एक तृतीयांश, फार तर अर्धी भरली की रिकामी करायची, नाहीतर वजनाने बेसप्लेट सुटते.

आता पुन्हा पाणी. दिवसाला दोन ते अडीच लिटर हवंच. लघवीची नवी वाट आतड्याच्या तुकड्याची आहे, तो चिकट स्राव सोडतच राहतो. पाणी कमी पडलं की तो घट्ट होऊन अडकतो, लघवीला वास मारतो, इन्फेक्शन आणि खड्यांचा धोका वाढतो. बॅगेतले पांढरे धागे म्हणजे तोच स्राव, पू नव्हे. लॅबसाठी बॅगेतली लघवी मात्र कधीच देऊ नका. तिच्यात जंतू निघणारच आणि बाबांना नको ती अँटिबायोटिक्स सुरू होतील.

रात्री उठावं लागतं म्हणून पाणी तोडलं असेल, तर दोन लिटरची युरोबॅग (लघवीची मोठी पिशवी) कशासाठी असते? तोटीला अडॅप्टरने जोडा (तो बॅगेच्या खोक्यात असतो, लोक फेकून देतात), पलंगाखाली टांगा. जोडताना बॅगेत थोडी लघवी राहू द्या, म्हणजे बॅग आतून चिकटत नाही.

गळती थांबली की लग्नाला खुशाल न्या. आधीच कापून ठेवलेले दोन सेट हातातल्या पिशवीत ठेवा, प्रत्येक थांब्यावर बॅग रिकामी करा, पायजम्याची नाडी स्टोमावर येऊ देऊ नका.

एक राहिलंच: हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचं, घरच्यांनी नाही. थंडी वाजून ताप, कमरेत दुखणं, लघवी अचानक बंद होणं किंवा स्टोमा काळपट पडणं, यातलं काहीही दिसलं तर वाट न बघता हॉस्पिटल गाठा.