वडील लातूरला आयसीयूत, रक्ताच्या कल्चरमध्ये क्लेबसिएला हा जंतू आणि मेरोपेनेम या अँटिबायोटिकपुढे 'आर' (रेझिस्टंट, म्हणजे औषध लागू पडत नाही) आलाय. जंतूत औषध निकामी करणारा कोणता जीन आहे, याची तपासणी संभाजीनगरला पाठवावी का?

हो, पाठवाच, कारण पुढचं औषध जीनवरच ठरतं. ओएक्सए-48 हा जीन निघाला तर सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम हे जोड-औषध बहुधा लागू पडतं. एनडीएम हा जीन निघाला तर ते एकटं कामाचं नाही: एनडीएमचं विकर (औषध तोडणारं एन्झाइम) जस्ताच्या जोरावर चालतं, त्याला अॅविबॅक्टम अडवू शकत नाही. पण अॅझट्रिओनाम हे दुसरं अँटिबायोटिक एनडीएमला तोडता येत नाही. ते तोडणारी जी दुसरी विकरं त्याच जंतूत असतात, त्यांना अॅविबॅक्टम आवरतं. म्हणून डॉक्टर सेफ्टाझिडिम-अॅविबॅक्टम आणि अॅझट्रिओनाम जोडून देतात. आपल्याकडे ओएक्सए-48 आणि एनडीएम हे दोन्ही जीन एकाच जंतूतही सापडतात.

पुन्हा रक्त काढायची गरज नाही. प्लेटवरची शुद्ध वाढ तिरक्या अगारवर (जंतू वाढवायच्या नळीत) घेऊन, तिहेरी पॅकिंग करून लॅबनेच पाठवायची. एसटीच्या पार्सलात स्वतः टाकू नका. कार्ट्रिज पीसीआर (जीन ओळखणारी यंत्रावरची चाचणी) तासाभरात निकाल देतं, वेळ जातो तो प्रवासात, तोवर उपचार थांबवायचे नाहीत.

मात्र 'जीन नाही' म्हणजे मेरोपेनेम चालेल असं नव्हे. चाचणीच्या पॅनलमध्ये जीनचे नेहमीचे पाचच गट असतात, आणि जंतू औषध आत येण्याची छिद्रं बंद करूनही टिकतो. अशा वेळी कल्चरमधला 'आर'च खरा धरा.