सॉक्रेटिसच्या खटल्यावर दीर्घांक करायचा आहे. शेवट सगळ्यांना माहीत असताना प्रेक्षक धरून कसा ठेवावा?

तुमची संहिता विषाच्या प्याल्याकडे धावत असेल, तर तिला आधी थांबवा. प्याला सगळ्यांना माहीत आहे. पण त्या दिवशी न्यायालयात मतदान दोनदा झालं, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. माझ्या मते खरं नाटक त्या दोन मतदानांच्या मधे आहे.

इ.स.पू. 399. अथेन्सच्या न्यायालयात आजच्यासारखा न्यायाधीश नव्हता. चिठ्ठ्या टाकून निवडलेले सुमारे 500 नागरिक निवाड्याला बसत आणि एका दिवसात निकाल लागे. आरोप असे: हा नगराचे देव मानत नाही, नवी दैवतं आणतो, तरुणांना बिघडवतो. पहिलं मतदान दोषी की निर्दोष एवढ्यासाठी. तिथे तो थोडक्यात हरला. त्याचा शिष्य प्लेटो याने लिहून ठेवलेल्या भाषणात तो स्वतःच म्हणतो, की 30 मतं इकडची तिकडे झाली असती तर मी सुटलो असतो.

या गुन्ह्याला कायद्यात ठरलेली शिक्षा नव्हती. फिर्यादी एक शिक्षा मागणार, आरोपी दुसरी सुचवणार आणि ज्युरीने त्या दोहोंतली एक निवडायची. मधला मार्ग नाही. फिर्यादी मेलेटसने मृत्युदंड मागितला. सॉक्रेटिसने हद्दपारी मागितली असती तर बहुधा मिळालीही असती. तो उभा राहिला आणि म्हणाला, माझी लायकीच विचाराल तर ऑलिंपिक विजेत्यांसारखं मला नगराच्या खर्चाने जेवायला घाला! मग म्हणाला, फार तर एक मिना (तेव्हाचं पैशाचं एकक) दंड भरू शकेन. प्लेटो, जुना मित्र क्रिटो आणि आणखी दोघांनी जामीन राहायची तयारी दाखवली तेव्हा तो 30 मिनांवर आला. दुसऱ्या मतदानात मृत्युदंडाच्या बाजूने आणखी 80 मतं पडली, असं कित्येक शतकांनंतर तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजेनिस लॅअर्टियस लिहितो. हे खरं धरलं, तर ज्यांनी घटकाभरापूर्वी त्याला निर्दोष ठरवलं, त्यांच्यातल्याच काहींनी त्याला मारायला मत दिलं. हे दाखवा. प्रेक्षकांत दोन-तीन नट बसवा. पहिल्या वेळी त्यांचे हात सुटकेसाठी वर जाऊ देत, दुसऱ्या वेळी मृत्यूसाठी. मधली दहा मिनिटं त्यांचे चेहरे बदलत जाताना दिसले पाहिजेत.

सॉक्रेटिस करणाऱ्या नटाने मात्र आधी एक गोष्ट ठरवावी: हा माणूस असं का बोलतो? त्याचा दुसरा शिष्य झेनोफन म्हणतो, म्हातारपणाची परवड भोगण्यापेक्षा मरण बरं, हे त्याने ठरवलंच होतं. प्लेटोचा सॉक्रेटिस देवाने नेमून दिलेलं काम सोडायला तयार नाही, एवढंच. प्लेटो त्या दिवशी न्यायालयात होता, झेनोफन अथेन्समध्येच नव्हता. म्हणून मी प्लेटोच्या बाजूला झुकतो. दोन्ही एकदम करायला गेलात तर भूमिका विस्कटेल. मराठीत मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये डॉ. श्रीराम लागूंनी सॉक्रेटिस केला होता, दिग्दर्शन अतुल पेठे यांचं. ती संहिता मिळवून जरूर वाचा.

तुरुंगाचा भाग आटोपशीर ठेवा. अथेन्सचं पवित्र जहाज डेलॉस बेटाहून परत येईपर्यंत कुणाला मृत्युदंड देता येत नसे, त्यामुळे तो महिनाभर कोठडीत होता. क्रिटो पळवून न्यायला तयार होता, सॉक्रेटिस गेला नाही. शेवटच्या दिवशीच्या साध्या गोष्टी धरा: मागे बायकांना प्रेत धुवायचा त्रास नको म्हणून तो आधीच आंघोळ करून येतो, क्रिटो म्हणतो, अजून डोंगरावर ऊन आहे, घाई कशाला? प्लेटोच्या लिखाणात त्याची बायको झांतिपी हिला सकाळीच रडत घरी पाठवलं जातं. तुम्ही तिला दोन वाक्यं जास्त द्या, माझं तरी तेवढं मागणं आहे.

आणि कृपा करून फिर्यादींपैकी ॲनिटसला खलनायक करू नका. इ.स.पू. 404 मध्ये अथेन्स स्पार्टाशी युद्ध हरलं, तीस जुलमी सत्तेवर आले आणि त्यांनी शेकड्यांनी नागरिक मारले. त्यांचा म्होरक्या क्रिटियास एकेकाळी सॉक्रेटिसच्या सोबत वावरलेला. लोकशाही परत आणण्यासाठी लढलेल्यांत ॲनिटस होता. पुढे सार्वत्रिक माफी झाली, जुनी प्रकरणं उकरून खटला भरायला बंदी आली, म्हणून आरोपपत्रात क्रिटियासचं नावही नाही. पण अर्ध्या शतकानंतर एस्किनिस हा वक्ता ज्युरीला सरळ सांगतो, की क्रिटियासला शिकवलं म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारलंत. आता दुसरी बाजू. याच तिसांनी सॅलॅमिसच्या लिऑनला मारण्यासाठी धरून आणायला पाच जणांना पाठवलं, तेव्हा चौघे गेले आणि सॉक्रेटिस सरळ घरी निघून आला. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. पहिली ॲनिटसच्या तोंडी पूर्ण ताकदीने येऊ द्या, म्हणजे दुसरीला वजन येईल. त्या भूमिकेसाठी तुमच्या संस्थेतला दुसरा सर्वांत चांगला नट घ्या.