बैलाचे चित्र काढण्यासाठी त्याची हाडे आणि स्नायू शिकणे खरेच आवश्यक आहे का?

रोज डोळ्यांसमोर असणारा बैल नुसता पाहून काढता येत नाही का आणि हाडांचा अभ्यास हा पशुवैद्यकाचाच विषय नाही का, असे आपण विचारले आहे. वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात चित्रकला शिकवताना माझे मत असे झाले आहे की हा अभ्यास आवश्यकच आहे.

आमच्याकडची मुले बैलांच्या सहवासातच वाढतात, तरीही पोळ्याच्या चित्रात मागच्या पायाचा मधला सांधा ती हमखास माणसाच्या गुडघ्यासारखा पुढे वाकवतात. वास्तविक तो सांधा म्हणजे बैलाचा घोटा असून त्याचे मागे आलेले टोक ही टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाच्या कडेला कातडीत दडलेला असतो. पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो, ते तर मनगट आहे. त्याहून विलक्षण गोष्ट खांद्याची: फऱ्याचे, म्हणजे खांद्याच्या पसरट पात्याचे, हाड धडाच्या सांगाड्याला कोठेही सांध्याने जोडलेले नसून बैलाची छाती दोन्ही फऱ्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत पेललेली असते. भरलेली बंडी (बैलगाडी) नाल्याचा चढ चढत असताना वशिंडाखाली नजर ठेवावी. पावलागणिक फऱ्याची वरची कड कातडीखाली हलताना दिसते. हे एकदा कळले, की रेषा आपोआप योग्य जागी पडू लागते.

जॉर्ज स्टब्स या इंग्रज चित्रकाराने 1756 च्या सुमारास लिंकनशरमधील हॉर्कस्टो या खेड्यात मेलेले घोडे छताला टांगून, त्यांचा एकेक थर सोलत सुमारे 18 महिने चित्रे काढली आणि 1766 मध्ये घोड्याच्या शरीररचनेवरील त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील घोडा शेवटच्या थरापर्यंत चालण्याच्या पवित्र्यात उभा आहे. सोललेले कलेवर असे कधीच उभे राहत नाही, म्हणून छायाचित्राने हे काम भागले नसते. कोणता स्नायू कोठून निघून कोठे रुततो हे सुरीने शोधावे लागते, आणि त्या जनावराला कागदावर पुन्हा जिवंत उभे करणे हे चित्रकाराच्या हाताचेच काम आहे. कला आणि विज्ञान येथे वेगळे काढताच येत नाहीत, असे मला मनापासून वाटते.

आपण सुरुवात गोठ्यातच करावी. धन्याला विचारून गरीब स्वभावाच्या बैलाच्या अंगावरून हात फिरवावा, फऱ्याची कड, कोपर, खरा गुडघा आणि टाच बोटांनी चाचपावी, आणि कागदावर प्रथम एवढ्याच चार जागा मांडून मग बाह्यरेषा काढावी.