दाब उतरला, पण आरव्ही कसा आहे?

तुमचा प्रश्न असा: डोंबिवलीला राहणाऱ्या आईच्या मागच्या टू-डी इकोत फुफ्फुसाच्या धमनीचा दाब 80 होता, आता 60 आलाय. तरी स्टेशनचा पूल चढताना ती पूर्वीपेक्षा जास्त धापा टाकते. मग सुधारणा म्हणायची का?

परळला इको करण्यात माझी अठरा वर्षं गेली. नुसता दाब बघून निर्धास्त होऊ नका.

इकोत हा दाब थेट मोजत नाहीत. ट्रायकस्पिड झडपेतून मागे गळणाऱ्या रक्ताचा वेग घेतात, त्याचा वर्ग करून चारने गुणतात आणि हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब त्यात मिळवतात. वेग सेकंदाला 4 मीटर असेल तर 64, अधिक तो अंदाज. पण रक्त ढकलणारा उजवा खालचा कप्पा, म्हणजे आरव्ही, थकला की हा वेगही कमी होतो. औषधानं दाब उतरला की आरव्ही दमला म्हणून, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

म्हणून आरव्ही किती जोमानं आकसतो ते सांगणारा टॅप्सी बघा. आईला डाव्या कुशीवर वळवून प्रोब लावला होता ना, तेव्हा झडपेची कड दर ठोक्याला किती मिलिमीटर खाली सरकते ते मोजलं. 17 च्या खाली कमी समजतात. आईचा 20 वरून 12 झालाय, मला खटकतंय ते हे. टॅप्सीला दाबानं भागा: 20 भागिले 80 म्हणजे 0.25, आणि 12 भागिले 60 म्हणजे 0.20. दाब उतरूनही गणित बिघडलंच. 2022 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांत 0.32 च्या वर धोका कमी आणि 0.19 च्या खाली जास्त धरलाय.

अर्थात टॅप्सी फक्त एका भिंतीची लांबीतली हालचाल दाखवतो, प्रोब तिरका लागला तरी चुकतो, आणि बायपास किंवा झडपेच्या ऑपरेशननंतर आरव्ही बरा असूनही कमी येतो. त्यामुळे रिपोर्टात एफएसी (दर ठोक्याला आरव्हीचं क्षेत्रफळ किती टक्के आकसतं ते; 35 टक्क्यांच्या खाली वाईट), आरव्हीचा आकार, मधला पडदा चपटा झालाय का आणि आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातून हृदयाकडे रक्त आणणारी मोठी शीर) फुगलीय का, हेही शोधा. नसेल लिहिलं तर विचारून घ्या.

दोन्ही इको आणि जुन्या क्लिप्स घेऊन याच आठवड्यात कार्डिऑलॉजिस्टना दाखवा. उजव्या बाजूचं कॅथेटर, म्हणजे शिरेतून नळी घालून दाब थेट मोजणं, करायचं का, ते ठरवतील. तोवर रोज सकाळी वजन लिहून ठेवा, पायाची सूज बघा. मनानं कुठलीही गोळी बंद करू नका. चक्कर येऊन पडली किंवा बसल्या जागी दम लागला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत न्या.